पिशवीला हात लावायचा नाही

सोमवार, ५ तारीख

विहीणबाईंना,

नमस्कार. विनंती काही नाही. विशेष मात्र पुष्कळ साठलंय, म्हणून लिहायला बसले.

फोन तुम्ही उचलत नाही. वाजून वाजून तोच बिचारा दमतो. पत्राचं बरं असतं, ते येऊन पडतं. फोडलं नाहीत तरी टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहील. आणि मला माहितीये तुम्ही कशा आहात ते. भांडी आवरेपर्यंत कळ काढाल, मग हळूच चष्मा शोधायला लागाल. शोधू नका, डोक्यावर असेल.

दवाखान्यातल्या त्या दिवसाचं मी काढणार नाही. तुम्हीही काढू नका. मी आपलं एवढंच म्हटलं होतं, की विहीणबाई, हात केवढे गार तुमचे, लेकरू दचकेल. गार होते म्हणून म्हटलं. नर्स हसल्या, जावई हसला, त्याला मी काय करणार? तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि दोन्ही हात काखेत घालून उभ्या राहिलात, चांगले ऊन होईपर्यंत, आणि मग नातवाला घेतलंत. अजून डोळ्यासमोर आहे ते. मी चार जणींना करूनही दाखवलं. तर तेव्हापासून ज्या गेलात त्या गेलातच. बरं, राहिलं. काढणार नाही म्हटलं होतं.

आता बातमी. ढब्बू मजेत आहे. (तुम्ही ठेवलेलं नाव लांबलचक आहे, तो ढब्बूलाच ओ देतो.) पालथा पडतो, पडला की स्वतःवरच चिडतो. तुमचा लेक त्याच्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. तो परत येईल तेव्हा हा पोरगा दार उघडायला जाईल बहुतेक. तुमची सून, म्हणजे आमची कन्या, पुन्हा कामावर जायला लागली. पाणी तपासायची प्रयोगशाळा तिची, सगळ्या गावाचं पाणी हिच्या बाटल्यांतून जातं. साहेबानं सांगून ठेवलंय, बाई, आता पुन्हा सुट्टी मागितलीत तर या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. आणि ती खुर्ची गेली तर हे घर एकट्या बोटीवर नाही चालायचं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून एजन्सीतून बाई आणली.

तुम्ही म्हणाल, तुम्ही आहात ना घरात धडधाकट. आहे. पण मी ढब्बूला उचलत नाही. हाताखाली माणूस असताना मी का म्हणून उचलू? मी काळा चष्मा लावून खुर्चीत बसते आणि हुकूम सोडते. हो, काळा चष्मा. हल्ली आवडतो मला. शेजारीण म्हणाली, अगदी गाणारणीसारख्या दिसता.

एजन्सीच्या कचेरीत मीही गेले होते. खाली टायरचं दुकान, वर ही कचेरी, जिन्यात रबराचा वास. तिथली मोठी बाई टाचांचे बूट घालून टकटक चालते, मी तिचं नाव टकटक ठेवलं. तिनं सगळे नियम वाचून दाखवले. बाईला जेवायला वेळ द्यायचा. बाईकडून फरशी पुसून घ्यायची नाही. पसंत पडली नाही तर बदलून देणार, पण दोनदाच. तिसरी शेवटची. आणि एक नियम तिनं दोनदा वाचला, माझ्याकडे बघून. बाईच्या पिशवीला हात लावायचा नाही. उघडायची नाही, चाचपायची नाही. लावला तर त्या घराला एजन्सी पुन्हा माणूस देत नाही.

मी म्हटलं, "का हो? असतं काय पिशवीत?"

टकटक म्हणाली, "तुमच्या पर्समध्ये काय असतं, आजी?"

मी म्हटलं, "गोळ्या आणि तुमच्यासारख्यांसाठी उत्तरं."

पोरीनं माझा दंड दाबला म्हणून गप्प बसले.

पहिली आली ती सारखी शिंकायची. मी तिला विचारलं, आमच्या घराचा वास येतो का? ती रडून गेली. दुसरी चांगली होती, पण फार गोड बोलायची. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं. मी तिच्यामागे नुसती हिंडले हो, इकडून तिकडे, बाकी काही केलं नाही. तीही गेली.

आता तिसरी आलीये. उंच, हाडकुळी, तुमच्यासारखी. बोलतच नाही. "भात खाल्ला का?" "हूं." "बाळ झोपलं का?" "हूं." "तुझं घर कुठं, मागं कुठं होतीस?" त्यालाही हूंच. मी तिला हूंबाई म्हणते. एवढं न बोलणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय, आणि त्यांना हे पत्र लिहितेय.

मला ती बरी वाटत नाही. का, ते अजून सांगता येत नाही.

तुमची,
थोरली आजी
(तुम्ही माना, न माना.)


मंगळवार, १३ तारीख

विहीणबाई,

नमस्कार. तुमचं उत्तर नाही, त्यावरून तुम्ही खुशाल आहात असं धरते.

ओळी वरखाली गेल्या तर हसू नका, हे टेबल डुगडुगतं.

आता मी काय लिहिते ते शांतपणे वाचा. आणि तुमचं तोंड कसं होतं ते मला इथून दिसतंय हे विसरू नका.

हूंबाईवर मी पाळत ठेवली. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, हिला पोलिसात घ्यायला हवी होती, चोर आपणहून येऊन सांगतील, पण हिला आवरा. पहिल्यांदा मी कपाटाच्या दाराला केस चिकटवून ठेवला. तुटला की समजायचं, उघडलंय. संध्याकाळी पाहते तर तुटलेला. मी म्हटलं, सापडली! मग आठवलं, दुपारी रुमाल काढायला मीच उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी खोलीच्या उंबऱ्यावर ढब्बूची पावडर भुरभुरली, पाय उमटावेत म्हणून. तिच्यावरून मीच घसरले. हूंबाईनं मला धरलं, खुर्चीत बसवलं, आणि फडक्यानं सगळी पावडर पुसून टाकली. का सांडली, कुणी सांडली, काही नाही. हूं सुद्धा नाही. सांगा, साधं माणूस विचारणार नाही का?

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

एक. ढब्बूला आंघोळीला घ्यायच्या आधी ती दोन्ही हात काखेत घालून उभी राहते. बरोबर वाचलंत. काखेत. डोळे मिटून, हात ऊन होईपर्यंत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं तुम्हीच आलात.

दोन. त्याला झोपवताना ती टॉवेलची सुरळी करते आणि डाव्या बाजूनं कुशीला लावते. डाव्याच. दवाखान्यात तुम्ही लावली होती, आणि मी म्हटलं होतं, हे काय, लेकरू आहे की गाडी, घरंगळू नये म्हणून दगड लावायला?

तीन. थोपटताना दोन थापा आणि मग जरा थांबायचं. पुन्हा दोन थापा, पुन्हा थांबायचं. आमच्या घरात असं कुणी थोपटत नाही. आम्ही सरळ धबाधबा थोपटतो आणि पोरं झोपतात. झोपली नाहीत तरी झोपल्याचं दाखवतात. ही थाप तुमची आहे. तुमचा लेक सांगत असतो, अजून आईची थाप आठवते म्हणून.

आता मला सांगा, अनोळखी बाईच्या अंगात विहीणबाई कशा शिरल्या?

अजून आहे. दुपारी मी पडलेली असते तेव्हा तिचा फोन वाजतो. रोज. ती मागच्या गॅलरीत जाते, दार ओढून घेते आणि एकदम माणसासारखी बोलायला लागते. माझ्यापाशी हूं, आणि तिथे वाक्यंच्या वाक्यं! काल मी दारापाशी जाऊन कान लावला. म्हणत होती, "हो, आजी झोपल्यात. तुम्ही सांगितलं तसंच केलं. नाही, नाही, त्यांना नाही कळलं."

त्यांना नाही कळलं!

विहीणबाई, त्यांना कळलंय.

तुम्ही एजन्सीला गाठलंत का? की टकटक तुमच्या नात्यातली? की हूंबाई तुमच्या गल्लीत राहते आणि तुम्ही तिला शिकवून, पढवून धाडलीत? स्वतः यायचं नाही, मान जाईल. मग आपले हात दुसरीच्या काखेत घालून पाठवायचे. वा. डोकं आहे हो तुम्हाला. मला वाटत होतं नुसता अबोला आहे.

पोरीला मी अजून काही बोलले नाही. ती दमून येते, चप्पल काढायच्या आधी ढब्बूला घेते, आणि हूंबाईकडे बघून असं हसते की माझ्या पोटात दुखतं. तिच्यासमोर काढलं तर म्हणेल, आई, ही शेवटची बाई आहे, हिच्या वाटेला जाऊ नको. ते ती रोजच म्हणते.

खरं काय ते एका ओळीत कळवा. तुम्हाला दोन ओळींचा ताप नको.

तुमची,
थोरली आणि जागी आजी


सोमवार, १९ तारीख

विहीणबाई,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंसं लिहायला तुम्हीच हव्यात. बाकीची जागा काय, मी भरायची?

तुम्ही लिहिलंत, "मी कुणालाही पाठवलेलं नाही. डोळ्याची काळजी घ्या, ओझं उचलू नका."

मी ते एकदा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं. मग खुर्चीत बसून हसले, एकटीच, इतकी की हूंबाई दारात येऊन बघून गेली.

अहो, डोळ्याचं मी तुम्हाला लिहिलंच नव्हतं!

दोन्ही पत्रं आठवून आठवून पाहिली. काळा चष्मा लिहिला होता, तो मिरवायला. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शेजारणीला नाही, आमच्या थोरल्या बहिणीला नाही. मोतीबिंदू पिकला होता, काढला. डॉक्टरनं सांगितलंय, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा सुकेपर्यंत जपायचं. ढब्बू म्हणजे तर पाण्यानं भरलेली घागर. म्हणून बाई आणली. म्हणून मी खुर्चीत बसते. हुकूम-बिकूम काही नाही, माझा हुकूम इथं ढब्बूसुद्धा ऐकत नाही. लावलंत ना तोंडातून काढायला? समाधान झालं?

का नव्हतं सांगितलं, तेही विचारणार नाही तुम्ही. तुम्ही काहीच विचारत नाही. तरी सांगते. आजी म्हणून आले आणि येऊन खुर्चीत बसले, नातू समोर रडतोय आणि उचलायला भाड्याची माणसं, हे तुम्हाला कळावं असं मला वाटत नव्हतं. बस.

पण तुम्हाला कळलं. ओझ्याचंही कळलं. ते या घरात तिघींनाच ठाऊक आहे. मी, पोरगी आणि हूंबाई. पोरगी तुम्हाला कशाला सांगेल? दवाखान्यातल्या त्या प्रकारानंतर ती तुमचं नावही माझ्यासमोर काढत नाही. मी काढलं तर विषय बदलते. म्हणजे उरली कोण?

कार्डात नाही म्हणता आणि कार्डातच पुरावा देता. पोलिसात खरंच माझी जागा होती.

बुधवारी टकटक येणार आहे. तिसरी बाई कशी चाललीये ते बघायला घरी येतात त्या, तशी पद्धत आहे त्यांची. पोरगी कामावर असेल. टकटकच्या देखतच मी हूंबाईची पिशवी उघडणार. मला ठाऊक आहे नियम. पण नियम चोरांच्या सोयीचा असला तर? त्या पिशवीत तुमचं काहीतरी निघणार. तुम्ही शिवलेलं टोपडं निघेल, तुमचा फोन नंबर निघेल, नाहीतर तुमच्या हातचा एखादा डबा. तुमचे डबे मी झाकणावरून ओळखते.

मग बघू कोण थोरली.

तुमची,
आजी


गुरुवार, २२ तारीख

विहीणबाईंना,

नमस्कार. आज विनंती आहे. ती शेवटी लिहिते, आधी घडलं ते वाचा. हे कुरियरनं पाठवतेय, उद्या तुमच्या हातात पडेल.

ओळी वाकड्या आहेत त्या टेबलामुळे नाहीत. टेबल कधीच डुगडुगत नव्हतं.

काल टकटक आली. चहा घेतला, ढब्बूचे गाल ओढले, हूंबाईला विचारलं, "काही त्रास?" हूंबाई म्हणाली, "नाही." माझ्याकडे बघून नव्हे, ढब्बूकडे बघून म्हणाली. तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "त्रास मला आहे. ही बाई आमच्या विहीणबाईंची माणूस आहे. इथलं तिथं पोचवते."

टकटक म्हणाली, "कोणाची?"

मी दाराच्या खुंटीवरची पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली.

डबा. कंगवा. छत्री. घडी घातलेला टॉवेल. बसची तिकिटं, चुरगळलेली. अर्धी खाल्लेली बिस्किटं, वरून रबर लावलेली.

एवढंच. मी पिशवी पुन्हा झटकली. आतून बिस्किटाचा चुरा पडला.

टकटक उभी राहिली. तिला बोलायचं होतं, पण हूंबाईनं हात वर केला. मग ती माझ्याशी बोलली, पहिल्यांदाच पुरं वाक्य. "आजी, विचारलं असतंत तर मीच दाखवली असती."

तिनं एकेक वस्तू परत आत ठेवली. चुरा सुद्धा तळहातानं गोळा केला, टेबल स्वच्छ केलं. ढब्बू पाळण्यात रडायला लागला होता. ती त्याच्यापाशी गेली. हात काखेत घातले, उभी राहिली, ऊन होईपर्यंत. मग त्याला घेऊन दोन थापा, थांबली, दोन थापा, थांबली. तो निवल्यावर खाली ठेवला, डावीकडे सुरळी लावली. आणि गेली. टकटक तिच्यामागून. जिन्यात टाचा वाजल्या त्या मी शेवटपर्यंत ऐकल्या.

पोरीला फोन करायचं धैर्य झालं नाही. म्हटलं, संध्याकाळपर्यंत निभावू. ढब्बू झोपलाय. झोपून राहील.

नाही राहिला. उठला आणि रडायला लागला, नेहमीचं रडणं नव्हे, श्वास अडकून पोरं निळीजांभळी होतात तसं. मी खुळखुळा वाजवला. मी नाचले सुद्धा, तुम्हाला खरं वाटणार नाही. तो माझ्याकडे हात करत होता. मी उचललं त्याला. वाकून, दोन्ही हातांनी, आणि तो थांबेपर्यंत घेऊन फिरले. माझ्या पद्धतीनं धबाधबा थोपटत होते, तो थांबेना. मग दोन थापा मारल्या आणि थांबले. पुन्हा दोन. झोपला लगेच खांद्यावर.

पोरगी आली तेव्हा मी खुर्चीत होते, तो माझ्या अंगावर, आणि डोळा असा लाल की तिनं पर्स तिथंच टाकली.

"आई! तू उचललंस?"

"रडत होता गं."

"आणि बाई कुठे आहेत?"

सांगितलं. काय करणार? ती खाली फरशीवरच बसली. मी म्हटलं, "अगं, ती तिकडची माणूस होती. तिला सगळं विहीणबाईंसारखं येतं. हात ऊन करणं, सुरळी, थापा."

ती म्हणाली, "ते मी शिकवलं तिला."

मी म्हटलं, "तुला कुणी शिकवलं?"

"त्यांनीच. मी रोज त्यांना फोन करते, सुटले की बसस्टॉपवरून. ढब्बूचं सगळं त्यांना विचारते. तुझ्या डोळ्याचंही मीच सांगितलं. आणि दुपारी बाईंना फोन करायची तीही मीच. तुला कळू देऊ नका असं मीच बजावलं होतं."

विहीणबाई, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. माझी पत्रं वाचताना तुम्हाला काय वाटलं असेल! आणि तरी कार्डात तिचं नाव घेतलं नाहीत. मला खोटं पाडायची एवढी सोन्यासारखी संधी, आणि तुम्ही ती सोडलीत, तिला माझी बोलणी बसू नयेत म्हणून.

मी तिला विचारलं, "मला का नाही विचारलंस? मी काय पोरं वाढवली नाहीत? तू काय झाडाला लागली होतीस?"

ती हसलीही नाही. म्हणाली, "विचारलं होतं. पहिल्या आठवड्यात त्याची उचकी थांबेना, तेव्हा. तू म्हणालीस, एवढं शिकलीस, त्यात उचकीचा धडा नव्हता का? तेव्हा मी हसले. दुधाचं विचारलं तेव्हा तू शेजारणीला माझी नक्कल करून दाखवलीस. तेव्हाही हसले. मग नाही विचारलं, आई. घाबरलेलं असताना दर वेळी हसता येत नाही."

त्यावर मला एक उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं, चार लोक खदखदून हसले असते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आज सकाळी डॉक्टरकडे नेलं तिनं. डोळ्यावर ताण आलाय, पट्टी बांधलीये, थेंब वाढवलेत. म्हणाला, डोळा वाचेल, पण पुन्हा ओझं उचललंत तर माझ्याकडे येऊ नका. हे मी एका डोळ्यानं लिहितेय. तिनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. साहेब म्हणाला, घ्या, आणि सोमवारी आला नाहीत तर घरीच राहा.

दुपारी आम्ही दोघी ढब्बूला घेऊन एजन्सीत गेलो. जिना चढताना मी पोरीला म्हटलं, आज तू बोलू नको, मी बोलते. ती म्हणाली, त्याचीच भीती वाटतेय. टकटकनं नियम दाखवला, माझ्यासमोर तिसऱ्यांदा. दुसरी बाई मिळणार नाही, कुठलीच नाही. मी म्हटलं, नियम बरोबर आहे, दुसरी नकोच आहे, मला फक्त हूंबाईची माफी मागायचीये. ती आतल्या खोलीत होती, नवीन घर मिळायची वाट बघत. मला वाटलं होतं पिशवी घट्ट धरून बसली असेल. पिशवी खुंटीला होती.

मी तिला म्हटलं, "बाई, चुकलं माझं. तू कुणाची माणूस नव्हतीस. असतीस तरी पिशवी तुझीच होती."

ती माझ्या पट्टीकडे बघत राहिली. ढब्बूनं तिच्याकडे झेप घेतली, तिनं घेतला. घेण्याआधी हात काखेत घातले नाहीत, घाईत विसरली, आणि तो दचकला वगैरे काही नाही. उलट हसला. तिचे हात गार होते, मी मुद्दाम लावून पाहिले.

टकटक म्हणाली, एजन्सी माणूस पाठवत नाही, पण ती आपण होऊन म्हणाली तर अडवत नाही. सगळ्या हूंबाईकडे बघायला लागल्या. तिनं ढब्बूचं झबलं नीट केलं. मग म्हणाली, "येईन. पण घरात आजींशिवाय दुसरं कुणी मोठं माणूस पाहिजे. आजी ज्यांचं ऐकतील असं."

पोरगी पटकन म्हणाली, "असं कुणी जगात नाही."

यावर मात्र हूंबाई हसली. दात दिसेपर्यंत.

तर विनंती ही आहे.

रविवारच्या आत इकडे या. आणि राहायला या, बघून जायला नको. पोरगी म्हणत होती, मीच फोन करते त्यांना. मी म्हटलं नको, गारहाती मी म्हटलं होतं, तर बोलवायचं पण मीच. खिडकीजवळची खाट तुमची, मी आतल्या खोलीत जाते. ढब्बूला हूंबाई सांभाळेल, तिला काही शिकवायचं उरलेलं नाही. तुम्ही फक्त मला सांभाळायचं. मी तिच्यामागे हिंडायला लागले की हाक मारा. मी पोरीला काही टोचून बोलायला लागले की नुसतं माझ्याकडे बघा, दवाखान्यात बघितलं होतंत तसं. मी गप्प बसेन. पहिल्यांदा नाही बसणार, दुसऱ्यांदा बसेन.

उत्तर पाठवू नका, कार्डाची जागा वाया जाते. दाराची कडी वाजली की समजेन.

थंडीतून याल. दारात काखेत हात घालून उभ्या राहू नका, तशाच आत या आणि आधी नातवाला घ्या.

तुमची,
धाकटी